बियाण्यांचा यात्रिक : निकोलाय वाव्हिलॉव्ह

मी बारावीत होतो त्या वर्षीची गोष्ट. जानेवारी महिन्यात आठ-दहा दिवस सतत ढगाळ हवा पडली. पहाटे शेतात पाऊल टाकावे तर पिकावरच्या दवाने धोतर-पायजमा गुडघ्यापर्यंत भिजून जाई. आमचा गहू तेव्हा ओंबीवर आला होता. एके दिवशी वडील घरी आले ते हाताचा तळवा पुढे करूनच. तळव्यावर विटकरी रंगाची भुकटी लागली होती. पान चिमटीत धरून ओढले की बोटे अशी माखतात. आमच्याकडे लहान मूलही ही खूण ओळखते. गव्हावर तांबेरा पडला होता.

त्या वर्षी निम्मेही धान्य घरात आले नाही. जे आले ते सुरकुतलेले, हलके. पाखडताना सुपातून भुशाबरोबर उडून जाणारे. परंतु मला आजही आठवतो तो बांध. बांधाच्या अलीकडे आमचा गहू गंजलेल्या पत्र्यासारखा उभा होता आणि पलीकडे दगूकाकांचा गहू हिरवागार. जमीन तीच, पाटाचे पाणी तेच, वाराही तोच. फरक एवढाच की आमचे बी घरचे, वर्षानुवर्षे कणगीतून काढून पेरलेले, आणि काकांनी निफाडच्या संशोधन केंद्रातून नव्या जातीचे बी आणले होते. बियाण्याच्या पोटात असे काय असते की एकाला बुरशी खाते आणि दुसऱ्याला शिवतही नाही?

पुढे मी कला शाखेकडे वळलो. इतिहास हा माझा विषय. ग्रंथालयात रशियन राज्यक्रांतीनंतरच्या काळावरचे एक पुस्तक चाळत असताना एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या तुरुंगवासाची हकीकत वाचनात आली आणि मी थबकलो. कारण या माणसाने आपले संशोधन नेमके माझ्याच प्रश्नापासून सुरू केले होते. त्यानंतर मिळेल ते वाचीत गेलो. प्रा. मंडळींनी शास्त्रीय चुका पदरात घ्याव्यात, एवढी विनंती करून ही जीवनकथा सांगतो.

निकोलाय इव्हानोविच वाव्हिलॉव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. वडील इव्हान इलिच हे मूळचे खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. मॉस्कोत येऊन कापडाच्या व्यापारात त्यांनी चांगली संपत्ती मिळविली. मुलाने व्यापारात लक्ष घालावे असे त्यांना वाटे व त्यासाठी त्याला व्यापारी विद्यालयात घातलेही होते. परंतु मुलगा १९०६ साली मॉस्कोच्या कृषी संस्थेत दाखल झाला. धाकटा भाऊ सर्गेई पदार्थविज्ञानाकडे गेला. या दोन भावांची नावे पुढे एका विलक्षण योगायोगाने शेजारी शेजारी येणार आहेत. ते यथावकाश सांगेन.

रशियात त्या काळी दुष्काळ हा जणू ऋतूच होता. १८९१-९२ चा भयानक दुष्काळ पडला तेव्हा वाव्हिलॉव्ह चार-पाच वर्षांचे होते. अवर्षण, थंडी आणि पिकांवरचे रोग या तिन्हींनी शेतकरी नागवला जाई. पदवीसाठी त्यांनी शेतात नुकसान करणाऱ्या गोगलगायींवर प्रबंध लिहिला. नंतर सेंट पीटर्सबर्ग येथे रॉबर्ट रेगेल यांच्या वनस्पतिविभागात आणि आर्थर याचेव्हस्की यांच्या कवकविभागात त्यांनी उमेदवारी केली. एकीकडे पिकांच्या हजारो जाती आणि दुसरीकडे त्यांच्यावर जगणाऱ्या बुरशा. या दोन खोल्यांतून ये-जा करीत असतानाच त्यांच्या आयुष्याचा विषय ठरून गेला असावा, असे मला वाटते.

तांबेऱ्याविषयी त्या काळी विद्वानांची मते निरनिराळी होती. कोणी म्हणे, ज्या झाडाची साल जाड त्याला रोग होत नाही. कोणी म्हणे, पेशीतला रस आंबट असला की बुरशी मरते. वाव्हिलॉव्ह यांनी मॉस्कोजवळच्या शेतात गहू व ओट यांच्या शेकडो जाती शेजारी शेजारी पेरल्या आणि कोणत्या जातीवर तांबेरा येतो, कोणत्या जातीवर भुरी येते, याची पाने तपासून नोंद केली. जाड सालीचा आणि आंबट रसाचा हिशेब काही जुळेना. जुळला तो कुळाचा हिशेब. एका कुळातल्या जाती एकाच रीतीने वागत. आइनकॉर्न नावाचा एक अतिप्राचीन गहू आहे, त्याच्या कणसुलीत बहुधा एकच दाणा भरतो. हा गहू तांबेऱ्याला दाद देत नाही, हे त्यांनी त्या वाफ्यांत पाहिले. दुसरा एक नमुना साध्या गव्हाच्या नावाखाली आला होता, पण त्यावर भुरी कधीच पडेना. वाव्हिलॉव्ह यांना शंका आली. त्याचा इतर गव्हांशी संकर करून पाहिला तर संतती वांझ निघाली. म्हणजे हा वेगळाच गहू होता. त्याला पुढे इराणी गहू असे नाव मिळाले. बुरशी कोणाला खाते आणि कोणाला सोडते यावरून गव्हाची जात ओळखायची, ही तऱ्हा मला फार मौजेची वाटली. सोनार कसोटीवर सोने घासतो, तसे त्यांनी बुरशीवर गहू घासून पाहिले.

१९१३ साली ते इंग्लंडला गेले. केंब्रिज येथे रोलंड बिफेन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९०५ मध्येच दाखवून दिले होते की पिवळ्या तांबेऱ्याला न जुमानण्याचा गुण मेंडेलच्या नियमाप्रमाणे पिढ्यांतून उतरतो. निरोगी आणि रोगट गव्हाचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळीच झाडे रोगट. पण त्यांच्या पोटी येणाऱ्या दुसऱ्या पिढीत चारांतले एक झाड निरोगी. वाटाण्याच्या शेंगांचा रंग जसा उतरतो तसाच हा गुण उतरतो! लंडनजवळ मर्टन येथे विल्यम बेटसन यांच्या संस्थेतही वाव्हिलॉव्ह यांनी काम केले. आनुवंशिकतेच्या शास्त्राला इंग्रजीत आज जे नाव आहे ते या बेटसन यांनीच दिलेले. १९१४ साली वाव्हिलॉव्ह यांचा रोगप्रतिकारावरचा निबंध तिथल्या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ते मायदेशी परतले.

१९१६ मध्ये इराणात असलेल्या रशियन सैनिकांना एक चमत्कारिक आजार जडला. भाकरी खाल्ली की झिंग येई, तोल जाई. वाव्हिलॉव्ह यांना तपासासाठी धाडण्यात आले. तिथल्या पिठात गव्हासारख्या दिसणाऱ्या एका तणाचे दाणे मिसळलेले होते आणि त्या दाण्यांत बुरशी होती. आजाराचे कारण सापडले, सैनिकांना इराणी पीठ खाण्याची बंदी झाली. काम संपले, तरी हा गृहस्थ परत जाण्याऐवजी गहू गोळा करीत हिंडू लागला. सरहद्दीवर रशियन पहारेकऱ्यांनी हेर समजून त्यांना काही दिवस अडकवून ठेवले. युद्धाच्या दिवसांत परदेशी पुस्तके बाळगून डोंगरातल्या शेतांतून ओंब्या तोडणाऱ्या माणसावर दुसरा कोणता संशय घेणार! तिथून ते पामिरच्या पठारावर चढले. त्यांच्या भटकंतीची ही सुरुवात होती.

राज्यक्रांतीच्या वर्षी, १९१७ साली, व्होल्गा नदीकाठच्या सराटॉव्ह या शहरी ते प्राध्यापक झाले. यादवी युद्ध, उपासमार आणि जळणाची टंचाई अशा दिवसांत १९१९ साली त्यांचा वनस्पतींच्या संसर्गजन्य रोगांपासूनच्या संरक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे सार माझ्यासारख्याला समजले ते असे. जी बुरशी अनेक प्रकारच्या झाडांवर जगते तिला तोंड देणारी जात सापडणे कठीण. पण जी बुरशी एकाच पिकावर, एकाच कुळावर जगायला शिकली आहे, तिला न जुमानणारे झाड त्याच कुळात कोठे ना कोठे असणारच. आणि ते शोधायचे असेल तर जिथे ते पीक मुळात जन्मले, जिथे पीक आणि बुरशी हजारो वर्षे एकत्र नांदली, तिथे गेले पाहिजे. हा विचार पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः झुकोव्हस्की यांनी, वाढवीत नेला.

इथे थोडे थांबून बुरशीकडे वळतो. वाव्हिलॉव्ह यांना झाडाची बाजू जेवढी दिसली तेवढी बुरशीची दिसणे त्या काळी शक्य नव्हते. आज आपल्याला ती पुष्कळ दिसते.

तांबेऱ्याचा एक कण म्हणजे एक बीजुक. साध्या डोळ्यांना ते दिसतही नाही. वाऱ्यावर शेकडो मैल जाते. आपल्या सपाटीवरचा उन्हाळा त्याला सोसत नाही. ते डोंगरांतल्या थंड हवेत तग धरते आणि हिवाळ्यात पुन्हा खाली उतरते, हे आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी आयुष्य वेचून दाखविले. असे बीजुक पानावर पडले, दव मिळाले, की त्यातून सुतासारखी नळी निघते. ही नळी आंधळी. पण पानाच्या पृष्ठभागाचे चढउतार चाचपत पर्णरंध्रापर्यंत बरोबर पोहोचते. तिथे तिचे टोक फुगते, त्यातून एक खुंटी आत शिरते आणि मग पेशींच्या भिंती भेदून आत शोषणाचे अवयव पसरतात. झाडाला मारायचे नाही, जिवंत ठेवून खायचे, हा तांबेऱ्याचा खाक्या. आठ-पंधरा दिवसांत पान फाटून नव्या बीजुकांची भुकटी बाहेर पडते.

कोठे फुगायचे, केव्हा खुंटी काढायची, हे बुरशीला कोण सांगते? तिची जनुके. कोकणात भातावर करपा पडतो तो ज्या बुरशीने, तिचा या बाबतीत फार बारकाईने अभ्यास झाला आहे. ती रंध्र शोधीत बसत नाही. पानावर घुमटासारखी एक पेशी बांधते, त्या घुमटाला काळ्या रंगद्रव्याचा लेप देते आणि आत एवढा दाब निर्माण करते की तो मोटारीच्या चाकातल्या हवेच्या कितीतरी पट भरतो. त्या दाबाने पान भोसकले जाते. १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी या बुरशीचे एकच जनुक निकामी केले. बुरशी प्रयोगशाळेत वाढली, तिला बीजुकेही आली, पण घुमट काही तिला बांधता येईना आणि भाताला रोगही होईना. मक्याच्या काणीची गोष्ट आणखी वेगळी. ही बुरशी एकेकट्या पेशीच्या अवस्थेत निरुपद्रवी असते. विशिष्ट जनुकांच्या बाबतीत एकमेकींहून भिन्न अशा दोन पेशी भेटल्या, त्यांचा संयोग झाला, तरच ती मक्यावर हल्ला करू शकते. एकटी असताना सज्जन आणि जोडीदार मिळाला की दरोडेखोर! अशी माणसेही आपण पाहतोच.

आता पुन्हा वाव्हिलॉव्ह यांच्याकडे.

१९२० च्या जून महिन्यात सराटॉव्हच्या परिषदेत त्यांनी आपला समांतर मालिकांचा नियम मांडला. जवळच्या कुळांतल्या वनस्पतींत एकसारखे बदल पुन्हा पुन्हा आढळतात, असा तो नियम. पुढल्याच वर्षी रेगेल यांच्या जागी त्यांची पेट्रोग्राडला नेमणूक झाली. रेगेल १९२० मध्ये वारले होते आणि संस्थेची दशा वाईट होती. वाव्हिलॉव्ह यांनी तीच संस्था पुढल्या वीस वर्षांत जगातले सर्वांत मोठे बियाण्यांचे भांडार करून टाकली.

त्यांच्या प्रवासांचे वर्णन करायचे तर हा अंक पुरणार नाही. १९२४ साली घोड्यांच्या काफिल्याने अफगाणिस्तानातले सुमारे पाच हजार किलोमीटर अंतर तुडवून त्यांनी हजारो नमुने आणले. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि अबिसीनिया. १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, फोर्मोसा, कोरिया. पुढे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. हिंदुस्थानात त्यांना स्वतः येता आले नाही. त्यांचे सहकारी मार्कोविच मात्र येऊन बी घेऊन गेले. पिकांच्या जन्मभूमीचा जो नकाशा वाव्हिलॉव्ह यांनी आखला त्यात हिंदुस्थानाला मानाचे स्थान आहे. ते फार थोडा वेळ झोपत आणि अनेक भाषा बोलत, असे त्यांच्याविषयी सर्वच चरित्रकार लिहितात. १९४० पर्यंत त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लक्ष नमुने जमले होते. त्यांत उत्तम पीक देणाऱ्या जाती होत्या, तशाच खुरट्या, कडवट, कोणी न विचारणाऱ्या जातीही होत्या. त्यांना माहीत होते की तांबेऱ्याला हरवणारे जनुक अशाच एखाद्या दरिद्री गव्हात दडलेले असू शकते.

सरकारने मानसन्मान दिले. १९२६ चे लेनिन पारितोषिक, १९२९ मध्ये कृषी अकादमीचे पहिले अध्यक्षपद. परंतु त्याच सुमारास शेतीचे सक्तीने सामुदायिकीकरण झाले, पाठोपाठ १९३२-३३ चा दुष्काळ आला आणि लक्षावधी माणसे भुकेने मेली. सरकारला तातडीने धान्य हवे होते. नवी जात तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे. ते काम चार वर्षांत करा, असा हुकूम निघाला. आणि हे सहज करून दाखवितो असे म्हणणारा एक माणूस पुढे आला. त्याचे नाव त्रोफिम लिसेंको.

लिसेंको हा शेतकऱ्याचा मुलगा. भिजवलेल्या बियाण्याला थंडी देऊन पिकाचा हंगाम बदलण्याचे त्याचे प्रयोग होते. त्यांत काही तथ्य होते. पण त्यावरून तो म्हणू लागला की वनस्पतीचा स्वभाव परिस्थितीने पालटता येतो आणि तो पालट संततीत उतरतो. जनुक वगैरे सर्व भांडवलदारी थोतांड. स्टालिनला हे पटले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत लिसेंकोला पुढे आणण्यात वाव्हिलॉव्ह यांचाही हात होता. त्याच्या पद्धतीने आपल्या संग्रहातल्या परदेशी जाती रशियात फुलवता येतील, अशी त्यांना आशा वाटली. त्याच्या प्रयोगांतला कच्चेपणा त्यांना दिसला नसेल असे मला वाटत नाही. उदारपणा म्हणा, भीती म्हणा, किंवा तरुण माणसाविषयीचे कौतुक म्हणा. पण ज्याच्यासाठी त्यांनी दार उघडले त्यानेच पुढे त्यांना घराबाहेर काढले. चरित्र वाचताना हा भाग मला सर्वांत अवघड गेला.

१९३५ मध्ये त्यांचे अध्यक्षपद गेले. १९३८ मध्ये ते लिसेंकोला मिळाले. सहकाऱ्यांना अटका होऊ लागल्या. १९३९ साली एडिंबरो येथे आनुवंशिकीची जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष म्हणून वाव्हिलॉव्ह यांची निवड झाली होती. सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. एवढे होऊनही त्यांनी जनुकांचे शास्त्र खोटे आहे असे कधी कबूल केले नाही. कबूल केले असते तर कदाचित वाचले असते. बऱ्याच जणांनी तसे केलेही, आणि त्यांना दोष द्यायला आपण कोण?

६ ऑगस्ट १९४० रोजी ते युक्रेनच्या पश्चिम भागात, चेर्नोव्हत्सी गावाजवळच्या डोंगरांत, ओंब्या गोळा करीत होते. एक काळी मोटार आली आणि मॉस्कोहून तातडीचे बोलावणे आहे असे सांगून त्यांना घेऊन गेली. सहकाऱ्यांनी मागाहून त्यांची पिशवी उघडली तेव्हा तीत त्या दिवशी वेचलेला एक जुन्या वळणाचा, अर्धरानटी गहू सापडला.

तुरुंगात अकरा महिने चौकशी चालली. रात्र रात्र उभे करून जबाब घेतले गेले. शेतीची नासधूस करणे, परकीयांसाठी हेरगिरी करणे असे आरोप होते. एकदा इराणच्या सरहद्दीवर हेर म्हणून ते पकडले गेले होते, पण तेव्हा दोन-चार दिवसांत सुटले होते. ९ जुलै १९४१ रोजी त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला; पुढे तो वीस वर्षांच्या कैदेवर आला. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्यावर कैद्यांना हलविण्यात आले आणि वाव्हिलॉव्ह पोहोचले ते सराटॉव्हला, जिथे त्यांनी तरुणपणी विद्यार्थ्यांना शिकविले होते. त्यांची पत्नी येलेना बारुलिना, ही स्वतः मसुरीच्या जातींची अभ्यासक, लहान मुलाला घेऊन त्याच शहरात आश्रयाला आली होती. आपला नवरा हाकेच्या अंतरावर आहे हे तिला ठाऊक नव्हते. ती त्याच्यासाठी खाऊची पुडकी मॉस्कोच्या पत्त्यावर पाठवीत राहिली.

२६ जानेवारी १९४३ रोजी वाव्हिलॉव्ह त्या तुरुंगात मरण पावले. कारण उपासमार. वय पंचावन्न. सार्वजनिक खड्ड्यात त्यांना पुरण्यात आले. लंडनच्या रॉयल सोसायटीने आदल्या वर्षीच त्यांना आपले परदेशी सभासद करून घेतले होते. दोन वर्षांनी, १९४५ मध्ये, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदी त्यांचे धाकटे बंधू सर्गेई यांची नेमणूक झाली. एका भावाला ज्या राजवटीने उपाशी मारले तिनेच दुसऱ्याला सिंहासनावर बसविले. त्या खुर्चीवर बसताना सर्गेई यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

लेनिनग्राडमध्येही तेव्हा भूकच राज्य करीत होती. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत शहराला वेढा होता. संस्थेच्या इमारतीत टनावारी गहू, तांदूळ, मका, शेंगदाणे, बटाटे होते. कर्मचारी आळीपाळीने पहारा करीत आणि उंदरांपासून, चोरांपासून, स्वतःच्या भुकेपासूनही त्या पेट्या राखीत. तांदळाचे अभ्यासक द्मित्री इव्हानोव्ह हजारो पुड्या तांदळाच्या राखता राखता उपासाने गेले. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन टेबलापाशी काम करतानाच गेले. ओटची राखण करणाऱ्या लिडिया रोदिना गेल्या. आणखीही गेले. आपल्या संचालकांचे काय झाले, हेही त्यांना कळलेले नव्हते.

आणि याच काळात, १९४२ साली, अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यातल्या फार्गो गावी हॅरल्ड फ्लॉर नावाचा एक शांत संशोधक जवसाच्या तांबेऱ्यावर निबंध छापीत होता. गव्हाचा तांबेरा आपला संसार दोन झाडांवर वाटून करतो. जवसाचा तांबेरा सगळा एकाच झाडावर. त्यामुळे फ्लॉर यांना एक नवी गोष्ट साधली. त्यांनी जवसाचाही संकर केला आणि तांबेऱ्याचाही. दोन्हींच्या नातवंडांचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की जवसात रोगाला अडविणारे जेवढे जनुक, त्या प्रत्येकासमोर तांबेऱ्यात एकेक जनुक आहे. वेशीवर एक राखणदार बसला आहे आणि तो चोराला त्याच्या लाल मुंडाशावरून ओळखतो, असे समजा. मुंडासे दिसले की बोंब उठते. मग एखाद्या दिवशी चोर मुंडासे टाकून येतो आणि राखणदार त्याला आत जाऊ देतो. बुरशीत असा बदल एका जनुकात झाला की पुरे. म्हणूनच आज निरोगी असलेली जात दहा वर्षांनी तांबेऱ्याला बळी पडते आणि पुन्हा नवा राखणदार शोधावा लागतो. वाव्हिलॉव्ह यांनी अर्धी गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी फ्लॉर यांनी सांगितली. ती वाचायला वाव्हिलॉव्ह यांना कोणी मुभा दिली असती तर!

सोव्हिएत रशियात १९४८ साली जनुकशास्त्रावर बंदीच आली. १९५५ मध्ये वाव्हिलॉव्ह निर्दोष ठरविण्यात आले. लिसेंकोची सद्दी १९६४ नंतर संपली आणि लेनिनग्राडच्या संस्थेला वाव्हिलॉव्ह यांचे नाव देण्यात आले.

१९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार आढळला. जगातल्या बहुतेक गव्हांना तो भारी पडला, कारण त्यांतल्या पुष्कळांचा राखणदार एकच होता. मग शोध सुरू झाला आणि तो जाऊन पोहोचला त्याच आइनकॉर्नपाशी, ज्याला तरुण वाव्हिलॉव्ह यांनी मॉस्कोच्या वाफ्यात निरोगी उभा पाहिला होता. २०१३ मध्ये त्यातले एक प्रतिकारक जनुक हाती लागले. २०१७ मध्ये त्याच्या समोरचे तांबेऱ्यातले जनुकही सापडले. २०२२ मध्ये तर दोघांच्या प्रथिनांची भेट कशी होते याचे चित्रच निघाले. बुरशीचे प्रथिन ओळखले की गव्हाच्या प्रथिनाचे पाच रेणू कडे करून उभे राहतात आणि ती पेशी स्वतः मरून बुरशीची वाट बंद करते.

या शोधाशोधीत मला एक घरचीच ओळख भेटली. तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेतील स्टॅकमन यांनी बारा गव्हांचा एक संच ठरविला होता. त्यात आइनकॉर्न आहे आणि त्याच्या जवळच एक नाव आहे, खपली. होय, आपलाच खपली गहू, आपल्याच नावानिशी. युगांडाच्या तांबेऱ्याला अडविणारे एक जनुक खपलीतही आहे.

माझे आजोळ सांगलीकडचे. मामा अजूनही उसाच्या कडेने थोडा खपली करतात, सणावाराच्या खिरीपुरता. दिवाळीच्या सुटीत गेलो तेव्हा त्यांच्याकडून पायलीभर बी मागून आणले. वडिलांनी ते हातात घेऊन पाहिले. उतारा कमी, मळणीला त्रास, भाव कोण देणार, असे सगळे बोलून झाले. मग बांधालगतच्या दोन गुंठ्यांत त्यांनी ते पेरून टाकले. हा लेख देतो आहे तेव्हा ते वीतभर झाले आहे.